गुडघ्याच्या सांधारोपणातील संगणकीय मार्गनिर्देशन : मापनाची अचूकता आणि लक्ष्याची निश्चिती

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज सामान्य वाचकाच्याही परिचयाची झाली आहे. लोक तिला ‘गुडघा बदलणे’ असे म्हणतात. वस्तुतः संपूर्ण गुडघा बदलला जात नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवरील काही मिलिमीटर जाडीचा थर करवतीने कापला जातो, कापलेल्या पृष्ठभागांवर धातूचे घटक बहुधा सिमेंटने बसविले जातात आणि त्या दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती राहते. मांडीच्या व नडगीच्या हाडांना जोडणारे अस्थिबंध, भोवतालचे स्नायू आणि त्यांचा ताण हे सर्व रुग्णाचे स्वतःचेच असते. नवा सांधा या जुन्या परिवारात सुखाने नांदेल किंवा नाही, हे पुष्कळ अंशी त्या काही कापांच्या दिशेवर अवलंबून असते.

ही दिशा ठरविण्याच्या कामी संगणकाचे साहाय्य घेण्याच्या पद्धतीस संगणकीय मार्गनिर्देशन अथवा नॅव्हिगेशन असे म्हणतात. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. यंत्र आले म्हणजे चूक संपली, असे काही जण मानतात. अनुभवी हाताला यंत्राची गरज नाही, असे इतर काही जण म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिच्यातील चुकांची स्थाने व तिच्याविषयी उपलब्ध असलेला पुरावा यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. त्यात एक भेद सतत ध्यानी ठेवावा लागेल. मापन अचूक असणे ही एक गोष्ट आहे आणि ज्या लक्ष्यासाठी मापन करावयाचे ते लक्ष्य योग्य असणे ही दुसरी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील पुष्कळसा वाद निष्फळ ठरला आहे.

१. भाराची रेषा

हस्तिदंताचा बिजागरीवजा गुडघा बसविण्याचा प्रयत्न बर्लिन येथे थेमिस्टोक्लीस ग्लुक याने १८९० च्या सुमारास केला होता. परंतु आजच्या सांध्याचे पूर्वरूप १९६८ नंतरच्या काही वर्षांत, इंग्लंडमधील फ्रँक गन्स्टन व अमेरिकेतील जॉन इन्सॉल यांच्या कार्यातून सिद्ध झाले. हे नवे सांधे बसविले जाऊ लागले, तेव्हा ते सैल का होतात हा प्रश्न लवकरच पुढे आला.

या प्रश्नाचे एक उत्तर भूमितीत आहे. खुब्याच्या सांध्याचे केंद्र व घोट्याच्या सांध्याचे केंद्र यांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर ती गुडघ्याच्या मध्यातून जावी असा संकेत आहे. उभे राहिले असता शरीराचा भार स्थूलमानाने या रेषेने खाली उतरतो. खुब्याच्या केंद्रापासून गुडघ्याच्या केंद्रापर्यंतची रेषा हा मांडीच्या हाडाचा यांत्रिक अक्ष होय आणि गुडघ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंतची रेषा हा नडगीच्या हाडाचा यांत्रिक अक्ष होय. हे दोन अक्ष एका रेषेत आले की पाय ‘सरळ’ झाला असे म्हणावयाचे. त्यांच्यात कोन पडून गुडघा बाहेरच्या बाजूस झुकला, तर दोन्ही पायांमध्ये धनुष्यासारखी कमान दिसते. या विकृतीस आपण धनुर्वक्रता म्हणू. अशा पायात भाररेषा गुडघ्याच्या आतील बाजूस सरकते.

ती किती सरकते हे साध्या गणिताने काढता येते. मांडीच्या हाडाची लांबी ४२ सेंटिमीटर व नडगीच्या हाडाची ३६ सेंटिमीटर धरू. या दोन लांबींच्या गुणाकारास त्यांच्या बेरजेने भागले असता सुमारे १९.४ सेंटिमीटर येतात. या संख्येस अक्षांमधील कोनाने (अंशांचे रेडियन करून) गुणले की गुडघ्याशी होणारे भाररेषेचे विचलन मिळते. एका अंशास ते सुमारे ३.४ मिलिमीटर भरते, तर तीन अंशांस सुमारे १० मिलिमीटर. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सुमारे ७२ मिलिमीटर रुंद धरला, तर त्याचा मधला तृतीयांश २४ मिलिमीटरांचा, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंस १२ मिलिमीटरांचा होतो. तेव्हा तीन अंशांची चूक म्हणजे भाररेषा मधल्या तृतीयांशाच्या कडेशी येणे होय.

या विषयातील ‘अधिक-उणे तीन अंश’ ही प्रसिद्ध मर्यादा केवळ रूढीने आलेली नाही, हे यावरून दिसेल. १९९१ साली इंग्लंडमधील जेफ्री, मॉरिस व डेनहॅम यांनी ११५ सांधारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाररेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून जात होती, त्या गुडघ्यांत सांधा सैल होण्याचे प्रमाण शेकडा ३ होते. जेथे ती त्याबाहेर होती, तेथे ते शेकडा २४ होते. या निष्कर्षाने पुढील दोन दशकांच्या विचाराला दिशा दिली. सरळपणा साधला की सांधा टिकतो, असे गृहीत धरले गेले आणि सरळपणा साधण्याची साधने शोधली जाऊ लागली.

२. रूढ पद्धती

भाररेषा शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. खुब्याचे केंद्र स्नायूंच्या जाड थराखाली व निर्जंतुक कापडांखाली झाकलेले असते. ते अप्रत्यक्षपणे गाठण्यासाठी रूढ पद्धतीत मांडीच्या हाडाच्या मज्जापोकळीत गुडघ्याकडून एक लांब सळई घालतात. सळई हाडाच्या शारीर अक्षाची, म्हणजे त्याच्या नळीच्या मध्यरेषेची दिशा दाखविते. या शारीर अक्षात व यांत्रिक अक्षात बहुधा पाच ते सात अंशांचा कोन असतो. म्हणून सळईवर बसविलेला जिग तितक्या अंशांनी वळवून त्याच्या खाचेतून करवत चालवितात. नडगीच्या हाडासाठी बहुधा पायाच्या बाहेरून घोट्यापर्यंत जाणारी पट्टी वापरतात.

ही पद्धती सुटसुटीत, स्वस्त व वेगवान आहे आणि जगातील बहुसंख्य सांधारोपणे आजही याच पद्धतीने होतात. परंतु तिच्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की सळई नळीच्या मध्यातूनच जाते. वास्तविक सळई नळीपेक्षा बारीक असते आणि प्रवेशाचे छिद्र थोडे बाजूला पडले तरी ती तिरपी बसते. दुसरे असे, की शारीर व यांत्रिक अक्षांमधील कोन आपल्यास ठाऊक आहे. ज्या रुग्णाचे मांडीचे हाड मुळातच बाहेरच्या बाजूस वाकलेले असते, त्याच्या बाबतीत हा कोन नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो. जुना अस्थिभंग वाकडा सांधला गेला असेल, किंवा हाडात पूर्वी बसविलेली सळई तशीच असेल, तर ही पद्धती वापरणेच कठीण होते.

३. मार्गनिर्देशनाचे तत्त्व

शरीरातील न दिसणारा बिंदू बाहेरील निर्देशकांच्या आधारे गाठावयाचा, ही कल्पना मेंदूच्या शल्यशास्त्रात जुनी आहे. रॉबर्ट क्लार्क व व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १९०८ साली प्राण्यांच्या मेंदूसाठी अशी चौकट वर्णिली आणि १९४७ साली स्पीगल व वायसिस यांनी ती कल्पना मानवी शस्त्रक्रियेत आणली. गुडघ्याच्या बाबतीत निर्णायक पाऊल फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे पडले. तेथे २१ जानेवारी १९९७ रोजी डॉमिनिक सारागाग्लिया व फ्रेदेरिक पिकार यांनी संगणकीय मार्गनिर्देशनाने पहिले संपूर्ण गुडघारोपण केले. पुढे ही प्रणाली ‘ऑर्थोपायलट’ या नावाने प्रचारात आली. तिचे वैशिष्ट्य असे, की तीस शस्त्रक्रियेपूर्वीच्या सी. टी. चित्रणाची आवश्यकता नव्हती. सांध्याच्या हालचालीवरूनच ती सांध्याचे केंद्र काढीत असे.

या प्रणालीची मांडणी पुढीलप्रमाणे असते. रुग्णापासून सुमारे दोन मीटर अंतरावर अवरक्त प्रकाश टिपणारे दोन कॅमेरे एका दांड्यावर ठरावीक अंतराने बसविलेले असतात. मांडीच्या व नडगीच्या हाडांत पिना रोवून प्रत्येकीवर एकेक ट्रॅकर घट्ट बसवितात. ट्रॅकर म्हणजे प्रकाश परावर्तित करणारे किंवा स्वतः प्रकाश देणारे किमान तीन गोल ज्यावर आहेत अशी एक लहान चौकट होय. दोन कॅमेऱ्यांतून दिसणाऱ्या दिशांवरून प्रत्येक गोलाचे स्थान त्रिकोणमितीने निघते. एका बिंदूवरून स्थान कळते, परंतु वळण कळत नाही. दोन बिंदूंवरून त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवतीचे वळण कळत नाही. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंवरून मात्र वस्तूची तिन्ही स्थानांतरे व तिन्ही परिभ्रमणे निश्चित होतात. यास्तव तीन गोल हवेत. हाड व ट्रॅकर एकजीव आहेत असे मानले, की ट्रॅकरची स्थिती हीच हाडाची स्थिती होते आणि रुग्णाचा पाय हलला तरी मापनात बाध येत नाही.

यानंतर शल्यविशारद एका टोकदार शलाकेने हाडांवरील ठरावीक खुणांना स्पर्श करितो. गुडघ्याचे मध्य, घोट्याच्या दोन्ही बाजूंची उंचवट्याची हाडे, मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेले दोन बाजूंचे उंचवटे, सांध्याचे पृष्ठभाग अशा या खुणा होत. शलाकेवरही ट्रॅकर असतो; त्यामुळे स्पर्शबिंदूचे स्थान नोंदले जाते. पुढे कापणीच्या जिगवर ट्रॅकर लावला, की त्याची पातळी यांत्रिक अक्षाशी किती अंशांचा कोन करिते हे पडद्यावर दिसते. काप घेतल्यावर त्यावर सपाट पट्टी ठेवून प्रत्यक्ष काप कसा झाला तेही पाहता येते. करवतीचे पाते हाडाच्या टणक भागावर किंचित वाकते आणि जिग योग्य असूनही काप चुकतो. कापानंतरची ही तपासणी यासाठीच महत्त्वाची आहे.

४. खुब्याचे केंद्र

या सर्वांत बौद्धिक दृष्ट्या सर्वांत रम्य भाग खुब्याचे केंद्र काढण्याचा आहे. तेथे शलाका पोहोचत नाही. परंतु खुबा हा उखळीतील गोळ्याचा सांधा आहे. मांडी वर्तुळाकार फिरविली, तर मांडीच्या हाडावरील ट्रॅकर खुब्याच्या केंद्रापासून नेहमी समान अंतरावर राहतो, म्हणजेच एका गोलपृष्ठावर फिरतो. ट्रॅकरची अनेक स्थाने नोंदून त्या गोलाचे केंद्र काढले, की खुब्याचे केंद्र सापडले.

ट्रॅकरच्या एका स्थानाचे निर्देशक क्ष, य, झ असतील, अज्ञात केंद्राचे अ, ब, क असतील आणि त्रिज्या त असेल, तर

(क्ष − अ)² + (य − ब)² + (झ − क)² = त²

हे समीकरण अज्ञातांच्या दृष्टीने वर्गसमीकरण आहे. परंतु कंस सोडवून ते असे मांडता येते :

क्ष² + य² + झ² = २अक्ष + २बय + २कझ + ड

येथे ड = त² − अ² − ब² − क². आता डावी बाजू मोजलेली आहे आणि उजवीकडील चार अज्ञात एकघाती आहेत. शेकडो स्थानांपासून मिळणारी अशी शेकडो समीकरणे लघुतम वर्गांच्या रीतीने सोडविली, की केंद्र मिळते.

या साध्या मांडणीतून एक व्यावहारिक नियम निघतो. मांडी केवळ एकाच पातळीत, समजा पुढे-मागेच, हलविली, तर ट्रॅकरची सर्व स्थाने एका वर्तुळावर पडतात. एकाच वर्तुळातून अनंत गोल जाऊ शकतात आणि त्या पातळीस लंब असलेल्या दिशेत केंद्र अनिश्चित राहते. हालचाल फार लहान असली, तर गोलाचा जो तुकडा मिळतो तो जवळजवळ सपाट असतो आणि मापनातील अल्प चूक केंद्राच्या स्थानात वाढून येते. यास्तव मांडी दोन्ही दिशांनी पुरेशी फिरविली पाहिजे. मात्र ती इतकीही नव्हे, की कटीच हलू लागेल. कारण कटी हलली की केंद्रच हलते आणि मूळ गृहीतक कोसळते.

५. चुकांची स्थाने

अवरक्त कॅमेऱ्यांची अचूकता एक मिलिमीटरच्या आतील असते. यावरून शस्त्रक्रियेची अचूकताही तितकीच असते असा समज होतो, तो बरोबर नाही. एखादी चूक अंतिम कोनात किती उतरेल, हे ज्या आधाररेषेवर तो कोन मोजला जातो तिच्या लांबीवर अवलंबून असते. भूमापनाच्या कामातही हेच तत्त्व आहे. १८०२ साली मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा आखताना लॅम्टनने तीवर एवढे श्रम घेतले, ते तिच्यातील चूक पुढील प्रत्येक त्रिकोणात उतरणार होती म्हणूनच.

मांडीच्या हाडाच्या यांत्रिक अक्षाची आधाररेषा ४२ सेंटिमीटरांची आहे. खुब्याचे केंद्र ७.३ मिलिमीटर चुकले, तेव्हा कुठे अक्षात एक अंशाची चूक पडते. नडगीच्या हाडाच्या बाबतीत घोट्याचे केंद्र ३ मिलिमीटर चुकले, तर अर्धा अंश चूक होते. म्हणजे पायाच्या सरळपणाच्या बाबतीत ही पद्धती स्वभावतःच सुरक्षित आहे.

मांडीच्या घटकाचे त्याच्या लांब अक्षाभोवतीचे वळण मात्र निराळ्या आधाररेषेवर ठरते. गुडघ्याशी असलेल्या दोन उंचवट्यांना जोडणारी रेषा ही ती आधाररेषा होय आणि तिची लांबी सुमारे ८० मिलिमीटर असते. येथे केवळ १.४ मिलिमीटरच्या चुकीने एक अंशाचा फरक पडतो. शिवाय हे उंचवटे टोकदार नाहीत. ते गोलसर असून मऊ ऊतींनी झाकलेले असतात. दोन कुशल शल्यविशारदांनी एकाच गुडघ्यावर त्यांस स्पर्श केला, तरी बिंदू काही मिलिमीटरांनी वेगळे पडू शकतात. कॅमेरा कितीही सूक्ष्म असला, तरी त्याला दाखविलेला बिंदूच तो मोजतो. यास्तव पडद्यावर सरळपणाचा अंक व वळणाचा अंक सारख्याच ठळकपणे दिसत असले, तरी त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

चुकीचे तिसरे स्थान पिनांचे आहे. ठिसूळ हाडात पिन किंचित सैल झाली, किंवा कोणाच्या हाताचा धक्का ट्रॅकरला लागला, तर त्या क्षणापासूनचे सर्व अंक खोटे ठरतात. परंतु पडदा ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने दाखवीत राहतो. यावर उपाय आहे. आरंभी हाडावर एक तपासबिंदू करून ठेवावा आणि मधूनमधून शलाका त्यावर टेकवून तेच स्थान येते की नाही हे पाहावे. याखेरीज पिनेच्या छिद्रातून क्वचित अस्थिभंग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत आणि शस्त्रक्रियेचा काळही काहीसा वाढतो. हे या पद्धतीचे मोल होय व ते हिशेबात धरले पाहिजे.

६. उपलब्ध पुरावा

मार्गनिर्देशनाने पाय अधिक सरळ होतो काय, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. मेसन व सहकाऱ्यांनी २००७ साली २९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. यांत्रिक अक्ष तीन अंशांहून अधिक चुकण्याचे प्रमाण रूढ पद्धतीत शेकडा ३१.८ व मार्गनिर्देशनात शेकडा ९.० आढळले. मार्गनिर्देशनाचे कार्य सरासरी सुधारण्याचे तितकेसे नाही. टोकाच्या चुका गाळून टाकण्याचे आहे.

परंतु रुग्णास सरळ रेषा नको असते. त्यास वेदनारहित आणि टिकाऊ गुडघा हवा असतो. येथे पुरावा विभागलेला आहे. कोरियातील किम व सहकाऱ्यांनी २०१२ साली एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे दोन्ही गुडघे बदलावयाचे होते अशा ५२० रुग्णांत एक गुडघा मार्गनिर्देशनाने व दुसरा रूढ पद्धतीने बसविला गेला. वय, वजन, चालण्याची सवय ही सर्व एकाच व्यक्तीची असल्याने तुलना सहज शुद्ध झाली. सरासरी १०.८ वर्षांनंतर कार्य, सरळपणा आणि टिकाऊपणा यांपैकी कशातही दखलपात्र भेद आढळला नाही. सरळपणातही भेद नव्हता, याकडे लक्ष द्यावे. अत्यंत अनुभवी हातांनी रूढ पद्धतीतही चूक फार होऊ दिली नव्हती, असा त्याचा एक अर्थ लागतो. तसे असेल, तर मार्गनिर्देशनाचा लाभ स्थिर राशी नसून यंत्रावाचून तो हात किती चुकतो यावर अवलंबून असणारी राशी ठरते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधारोपण नोंदणीवरून डी स्टायगर व सहकाऱ्यांनी २०१५ साली वेगळा निष्कर्ष मांडला. २००३ ते २०१२ या काळात तेथे मार्गनिर्देशनाने झालेल्या ४४,५७३ शस्त्रक्रियांची तुलना रूढ पद्धतीशी करण्यात आली. सर्व वयांचे रुग्ण एकत्र घेतले असता पुनर्शस्त्रक्रियेच्या प्रमाणात निश्चित म्हणता येईल असा भेद नव्हता. पासष्ट वर्षांखालील रुग्णांत मात्र नऊ वर्षांतील पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण रूढ पद्धतीत शेकडा ७.८ व मार्गनिर्देशनात शेकडा ६.३ होते. हा दीड टक्क्याचा भेद सर्वस्वी मार्गनिर्देशनामुळे आहे असे मानले, तर सुमारे ६७ तरुण रुग्णांवर ही पद्धती वापरली असता नऊ वर्षांत एक पुनर्शस्त्रक्रिया टळते. हा आकडा क्षुल्लक नाही. पुनर्शस्त्रक्रियेत हाड अधिक गमवावे लागते, खर्च वाढतो आणि फल पहिल्याइतके चांगले मिळेलच असे नाही. तथापि नोंदणी म्हणजे प्रयोग नव्हे. ज्या शल्यविशारदांनी मार्गनिर्देशन स्वीकारले ते इतर बाबतींतही भिन्न असू शकतात, हा आक्षेप अशा अभ्यासास नेहमीच लागू राहतो.

७. लक्ष्याविषयीचा प्रश्न

यापेक्षा मूलगामी आक्षेप २०१० साली पुढे आला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या नोंदींवरून पारात व सहकाऱ्यांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा इतिहास तपासला. अक्ष तीन अंशांच्या मर्यादेत असलेल्या २९२ गुडघ्यांपैकी ४५, म्हणजे शेकडा १५.४, पुन्हा करावे लागले. मर्यादेबाहेरच्या १०६ पैकी १४, म्हणजे शेकडा १३.२. सरळपणाने टिकाऊपणा वाढल्याचे दिसले नाही. १९९१ च्या निष्कर्षाशी याचा उघड विरोध आहे. परंतु मधल्या काळात घटकांची घडण, त्यांचे आधार आणि पॉलिएथिलीनचा दर्जा ही सर्व सुधारली होती. जुन्या सांध्यास जी चूक सोसली नाही ती नव्यास सोसत असावी, ही त्याची एक संभाव्य उपपत्ती आहे.

दुसरी उपपत्ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. बेल्जियममधील बेलेमान्स व सहकाऱ्यांनी २०१२ साली गुडघ्याची कोणतीही तक्रार नसलेल्या २५० तरुण प्रौढांचे पाय मोजले. पुरुषांपैकी शेकडा ३२ व स्त्रियांपैकी शेकडा १७ यांच्या पायांत तीन अंश किंवा त्याहून अधिक धनुर्वक्रता होती. ती विकृती नव्हती; ती त्यांची स्वाभाविक घडण होती. अशा व्यक्तीचा गुडघा म्हातारपणी झिजला आणि आपण त्यास शून्य अंशावर आणले, तर आपण त्याचा पाय पूर्ववत केला की जन्मात कधी नव्हता असा केला? तसे करताना आतील अस्थिबंध सैल करावे लागतात आणि सांध्याचा ताण बदलतो. याच विचारातून, झिजेपूर्वीची सांध्याची घडण जशी होती तशी पुन्हा साधावी, असे मत अमेरिकेतील स्टीफन हॉवेल यांनी मांडले. त्याचे पुरस्कर्ते व विरोधक दोघेही आज आहेत आणि वाद मिटलेला नाही.

मार्गनिर्देशनाच्या मूल्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. यंत्र निष्फळ ठरले, असे वरील पुराव्यावरून म्हणणे तर्कशुद्ध नाही. यंत्राने आपणांस जेथे नेण्यास सांगितले तेथे नेले. तेथे जावयाचे होते की नाही, हा प्रश्न त्यास विचारलेलाच नव्हता. किंबहुना लक्ष्याविषयीचा वाद सोडविण्याचे साधनच मार्गनिर्देशन पुरविते. दोन अंश धनुर्वक्रता ठेवावी की शून्य, याची तुलना करावयाची असेल, तर दोन्ही स्थिती एक-दीड अंशाच्या आत प्रत्यक्ष साधता आल्या पाहिजेत. ज्या पद्धतीत तीनांपैकी सुमारे एक पाय तीन अंशांहून अधिक चुकतो, तीत दोन लक्ष्ये एकमेकांत मिसळून जातात आणि कोणते चांगले हे कधीच ठरत नाही. अलीकडे प्रचारात आलेल्या यांत्रिक बाहूंच्या प्रणालीही याच अधिष्ठानावर उभ्या आहेत. त्या करवतीस ठरविलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाहीत, परंतु मर्यादा ठरविणारा माणूसच असतो.

८. आपल्याकडील विचार

आपल्या देशात या विषयाला काही वेगळ्या बाजू आहेत. आपल्याकडील पुष्कळ रुग्ण चालणे अशक्य होईपर्यंत थांबतात आणि म्हणून तीव्र धनुर्वक्रता घेऊन येतात. त्यांपैकी अनेकांच्या मांडीचे हाडही वाकलेले असते. सळईचे गृहीतक जेथे सर्वांत दुबळे, तेथेच हे रुग्ण येतात. मुंबईतील अस्थिशल्यविशारद अरुण मुल्लाजी व गौतम शेट्टी यांनी अशा विकृतींच्या सुधारणेवर स्वतंत्र ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध केला आहे आणि मार्गनिर्देशनाच्या वापराविषयीचे मुंबईतील लेखन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतही आले आहे. दुसरीकडे, ज्या रुग्णाची विकृती सौम्य व हाड सरळ आहे, त्याच्या बाबतीत अनुभवी हातात रूढ पद्धतीही पुरेशी ठरू शकते. साधन मर्यादित असेल, तर ते कोणासाठी राखावे याचा निर्णय या भेदावरून करता येईल. तरुण रुग्ण, तीव्र विकृती, वाकलेले हाड आणि मज्जापोकळी बंद असणे ही त्याची प्रमुख निमित्ते होत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस दोन सूचना करून हे विवेचन संपवितो. पहिली अशी, की पडद्यावरील अंक स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या आधाररेषेवर मोजला गेला, हे स्वतःस विचारावे. खुब्याचे केंद्र एकाच रुग्णात तीन वेळा काढून त्यांतील अंतर पाहिले, किंवा दोघांनी स्वतंत्रपणे उंचवट्यांना स्पर्श करून दोन रेषांमधील कोन मोजला, तर यंत्राच्या अचूकतेविषयी जाहिरातीपेक्षा अधिक ज्ञान मिळेल. दुसरी अशी, की प्रत्येक शस्त्रक्रियेत योजिलेला कोन, कापानंतर मिळालेला कोन आणि सिमेंट घट्ट झाल्यावरचा अंतिम कोन हे तिन्ही लिहून ठेवावेत आणि त्यांच्याशेजारी रुग्णाची पाच व दहा वर्षांनंतरची स्थिती नोंदवावी. रूढ पद्धतीत हे अंक बहुधा उपलब्धच नसत; आता ते आपोआप तयार होतात आणि बहुधा शस्त्रक्रिया संपताच विसरले जातात. खाली मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, वाकलेल्या हाडांच्या आपल्या रुग्णांसाठी कोणता कोन योग्य, याचे उत्तर कोरियातील किंवा ऑस्ट्रेलियातील नोंदींत सर्वस्वी सापडणार नाही. ते आपल्याच नोंदींतून काढावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी मोजपट्टी आता आपल्या हाती आहे.